माणिकप्पाची पाठ

१

डॉक्टर मढ्याला हात लावतो असं वाटत असंल, तर ते आधी डोक्यातनं काढून टाका. तेवीस वर्षं मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत मुर्दे फाडले. सात डॉक्टर आले न् बदलून गेले, उंबऱ्याच्या आत एकही आला न्हाई. नाकाला रुमाल लावून दारात उभं राहायचं. आत मी. मी फाडायचं, मी बघायचं, मोठ्यानं सांगायचं, "डाव्या बरगडीखाली एक, दोन बोटं रुंद." त्यानं दारातनं लिहायचं. झालं पोस्टमार्टम. कोर्टात मात्र "मी स्वतः तपासलं" म्हणून सांगायला तोच. कागदाच्या खाली कोपऱ्यात माझी एक सही, साहेबराव सोनकांबळे, शिपाई. ती कुणी वाचत न्हाई.

लातूर नवा जिल्हा होऊन वर्षही भरलं नव्हतं. पाट्या नव्या रंगवलेल्या, विहिरी कोरड्या. आमचं गाव मुरुडच्या अलीकडं. मुर्दा धुवायला मला दोन घागरी पाणी मिळायचं, त्यातली एक मी हात धुवायला लपवून ठेवायचो.

चैतातल्या एका सकाळी अकराच्या सुमाराला माणिकप्पाला आणलं. माणिकप्पा म्हणजे आमच्या पंचायत समितीचे सभापती, लिंगायताचं मोठं घर. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर भाषण करायला गेले होते. गर्दीतनं गोळी आली. समोर उभा राहून भांडत होता आमच्या वस्तीवरला व्यंकटी, "टँकर आमच्याकडं का येत न्हाई" म्हणून. त्याच्या पायापाशी गावठी कट्टा सापडला. झालं, सगळ्यांना खुनी मिळाला. व्यंकटीला मी लहानपणापासून बघितलंय. त्याला कोंबडी धरता येत न्हाई.

मी माणिकप्पाला पालथं पाडलं न् मोजलं. "उजव्या कानामागं एक. करंगळी जाईल एवढं. कडा काळी, केस जळाल्यात. डाव्या भुवईवर दुसरं, मोठं, फाटलेलं."

दारातला डॉक्टर थबकला. "मागं? नीट बघ."

"नीटच बघून राहिलो साहेब."

गोळी शिरती तिथं भोक लहान असतं, बाहेर पडती तिथं चिंधड्या. आणि कडा काळी म्हणजे मारणारा हातभर अंतरावर. हे मला कुठल्या शाळेनं न्हाई शिकवलं, त्या टेबलानं शिकवलं. व्यंकटी तर समोर होता, दहा पावलं लांब. माणिकप्पाच्या मागं कोण होतं? त्यांचा पोरगा श्रीमंत, आणि त्याच्या मागं त्यांची जीप.

कानामागच्या भोकात मी कापूस कोंबला, कोपऱ्यात जाऊन हात धुतले, दाभण घेऊन वळलो. माणिकप्पा पालथेच होते. पण तोंड खिडकीकडं होतं. मान ताठायला लागली होती, मी स्वतः दोन्ही हातांनी दाबून कपाळ टेबलाला टेकवलं होतं. आणि खिडकीकडं म्हणजे किती, पालथ्या माणसाची मान तेवढी वळतच न्हाई. खिडकीच्या गजाबाहेर श्रीमंत उभा होता, डोळ्याला रुमाल लावून.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. उन्हाळ्यात चुकतं माणसाचं.

२

त्यांच्यात मुर्दा आडवा पुरत न्हाईत. बसवतात. उभा खड्डा घ्यायचा, त्याच्या मावळतीच्या भिंतीत एक कोनाडा कोरायचा, त्यात मांडी घालून बसवायचं, तोंड उगवतीला. हातात लिंग, कपाळाला विभूती, बेलाची पानं, भोवतीनं मीठ. मी लांब बाभळीखाली उभा राहून बघितलं. त्यांच्या स्वामीनं स्वतःच्या हातानं बसवलं, फेटा नीट केला. पाठ मावळतीला, तोंड उगवतीला. हे ध्यानात ठेवा.

तिसऱ्या दिवशी कागद आला सहीला. इंग्रजीत. मला काय घंटा कळतंय! पण हवालदारानं हसत हसत सांगितलं, "गोळी कपाळातनं शिरली, मागनं निघाली. व्यंकटी लटकतोय बघ आता." मी हातातलं पेन तसंच धरून बसलो. डॉक्टर खिडकीबाहेर बघून राहिला होता. मी सही केली.

त्याच दुपारी श्रीमंत आला, खोलीच्या दारात उभा राहिला. तिशीचा असंल. "साहेबराव," तो म्हणला, "तुमची वस्ती टँकरच्या वाटेवरच हाय की. उद्यापासनं येईल टँकर. तुम्ही काळजी करू नका."

उभ्या आयुष्यात त्या घरातलं कुणी मला 'तुम्ही' म्हणलं नव्हतं. तिथंच मी समजलो.

टँकर आला. रोज सकाळी आठला. बायका हंडे घेऊन पळायच्या, पोरं पाण्याखाली उघडी नाचायची. ज्या पाण्यासाठी व्यंकटी भांडला ते पाणी व्यंकटी आत गेल्यावर आलं, आणि ते सगळ्यांनी प्यायलं. मीही प्यायलो. गोड होतं.

३

फक्त व्यंकटीची बायको नागुबाई त्या पाण्याला शिवली न्हाई. दीड कोसावरच्या मळ्यातनं डोक्यावर आणायची. आणि दुपारी येऊन माझ्या खोलीच्या पायरीवर बसायची. काही बोलायची न्हाई. मी हाकलायचो. "इथं काय तमाशा हाय का? ऊठ!" ती उठायची, बाभळीखाली जाऊन बसायची, मी आत गेलो की परत पायरीवर.

महिना झाला. मी बेजार झालो. जेवण गोड लागंना. एक दिवस ती म्हणली, "भाऊ, तुमी काय बघितलं ते मला एकटीला सांगा. कोर्टाला नगा सांगू. माझा माणूस मेला तर मला ठाऊक असावं, कशापायी मेला."

माझं डोकं सटकलं. "मागनं हाय!" मी ओरडलो. "कानामागनं हाय भोक! मी बोट घालून बघितलंय! ऐकलंस? जा आता!"

मला वाटलं, ऐकंल, रडंल, घरी जाईल. ती पदर खोचून उठली ती थेट एसटीनं नांदेडला गेली. तिथं पंचशीलाबाई म्हणून आमच्याच समाजातल्या वकीलबाई होत्या. त्या बाईनं कोर्टातनं हुकूम काढला. मुर्दा उकरून पुन्हा बघायचा. तहसीलदारासमोर, नांदेडच्या मोठ्या डॉक्टरकडनं. आणि मला तिथं हजर राहायचं.

हुकूम आला त्या दिवशी टँकर बंद झाला. वस्तीनं माझ्या दाराकडं थुंकायला सुरुवात केली. बरोबर हाय, मीही थुंकलो असतो.

४

चाळिसावा दिवस असंल. सकाळी नवालाच ऊन असं की डोळं उघडंना. तहसीलदार, मोठे डॉक्टर, दोन पोलीस, चार खणकरी, स्वामी, श्रीमंत. आणि माणिकप्पाची बायको शरणम्मा. बाया त्या जागेत येत न्हाईत, पण त्या आल्या. कुणी अडवलं न्हाई.

स्वामी अडून बसले. "बसलेल्याला उठवायचं न्हाई. हलवायचं न्हाई. वाटलं तर मला आधी पुरा."

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी तहसीलदारानं तोड काढली. डॉक्टरला बघायचंय डोक्याच्या मागं. तर मग मावळतीकडनं खणा, कोनाड्याच्या मागच्या भिंतीतनं आत शिरा. पाठ समोर येईल, बघा, मिटवा. उठवायला नको, हलवायला नको. स्वामी कबूल झाले. मलाही पटलं. तोड अक्कलेची होती.

मावळतीला कमरेएवढा खड्डा घेतला. सगळे त्या काठावर उभे. खणकऱ्यांनी त्या खड्ड्याची उगवतीकडची भिंत हळूहळू पोखरली. मिठाचे खडे गळायला लागले, पांढरे. मग फेट्याचं टोक. खणकरी थांबला न् मागं सरकला.

तोंड होतं.

वाळलेलं, कातड्यागत, डाव्या भुवईवर माझी सुतळी. मिठानं न् त्या वर्षीच्या उन्हानं सडू दिलं नव्हतं. तोंड मावळतीला होतं, आमच्याकडं.

"उलटं बसवलंय," तहसीलदार वैतागून म्हणला.

स्वामी पुढं झाले. "मी बसवलं. उगवतीला बसवलं. शंभर माणसानं बघितलंय."

माती दबते, मीठ विरघळतं, बसलेला माणूस फिरू शकतो, असं मी मनाला सांगून राहिलो. चाळीस दिवसांत पाण्याचा टिपूस पडला नव्हता, तर मीठ विरघळलं कशानं, हे मनानं मला विचारलं. मी मनाला गप बस म्हटलं.

५

उलटं बसवलंय तर पाठ उगवतीला असणार. सगळे वळसा घालून उगवतीकडं गेले. मूळचा खड्डाच तो, माती भुसभुशीत, अर्ध्या तासात मोकळा झाला. कोनाड्याच्या तोंडावरची फरशी सरकवली.

तोंड होतं.

एक पोलीस राम राम म्हणत मागं गेला. मोठे डॉक्टर कपाळावरचा घाम पुसून म्हणले, "मघाशी आपण काय बघितलं मग?" तहसीलदार म्हणला, "उन्हाची तिरीप असते साहेब." तिरीप! माझ्या सुतळीचे टाके दिसले होते त्याला.

"मातीची पाटी राहिली तिकडं, आण," खणकरी मला म्हणला. मी मावळतीच्या खड्ड्यापाशी गेलो. एकटा. पाटी उचलायला वाकलो, सहज आत बघितलं.

डोक्याची मागची बाजू. फेटा वर सरकलेला. उजव्या कानामागं काळपट कापूस, मीच कोंबलेला.

"साहेब!" मी ओरडलो. "इकडं या! इकडं हाय! दिसून राहिलंय!"

सगळे धावत आले. श्रीमंत सगळ्यांत पुढं. मी नजर काढली नव्हती, हे तुम्हाला शपथेवर सांगतो. श्रीमंत कोनाड्याला वळसा घालून येत होता आणि आत करकर आवाज होत होता, मिठावर मीठ घासल्यागत. कान सरला. गाल आला. भुवई आली. लोक काठावर पोचले तेव्हा तोंड आमच्याकडं होतं.

"दारू पिलाय हा," तहसीलदार म्हणला. मी बाबासाहेबांचा फोटो घरात लावल्यापासनं दारूला शिवलो न्हाई.

पण मला कळलं होतं. पालथं पाडलेलं तोंड खिडकीकडं का वळलं ते कळलं. श्रीमंत मावळतीला असला की तोंड मावळतीला. तो उगवतीला गेला की उगवतीला.

"श्रीमंतअप्पा," मी म्हणलो, "तुमी जरा पलीकडं जाऊन थांबता का?"

श्रीमंतचा चेहरा पांढरा पडला. तो खड्ड्याकडं बघत नव्हता. आल्यापासनं त्यानं एकदाही आत बघितलं नव्हतं.

"मी इथंच थांबतो," तो म्हणला.

"दहा पावलं तर जायचं हाय."

"मी इथंच थांबतो म्हणलं ना रे!" आता 'तुम्ही' गेलं होतं. "साहेब, माझ्या बापाची इटंबना चालली हाय. बास करा. लिहा न् बंद करा."

तहसीलदारानं मान हलवली. डॉक्टरनं पेनाचं टोपण काढलं. मला व्यंकटीचा गळा दिसला, दोर दिसला. मी काय करणार होतो? शिपाई माणूस. सांगितलं असतं तर येड्याच्या दवाखान्यात घातलं असतं.

६

तेव्हा शरणम्मा हलल्या.

इतका वेळ त्या बाभळीखाली बसून होत्या. त्या हळूहळू आल्या, खड्ड्यात बघितलं, मग पोराकडं बघितलं. त्याचा हात धरला, लहान लेकराचा धरावा तसा.

"चल," त्या म्हणल्या.

"अम्मा, नको."

"चल रे बाळा. तुझ्या बापाला जरा बघू दे."

सत्तरीच्या घरातली बाई. ओढलं न्हाई, जोर केला न्हाई. नुसतं चालल्या, आणि तो चालला. वळसा घालून उगवतीकडं निघाले. दोघांच्या चपलांचा आवाज, आणि त्याच्यासंगं आत करकर, करकर. चपला थांबल्या की ते थांबायचं. स्वामींनी डोळे मिटले. तहसीलदार आपल्या बुटाकडं बघून राहिला. पोलीस तर कधीच रस्त्याला लागले होते. आणि मोठे डॉक्टर खड्ड्याकडं पाठ करून उभे होते, पॅड छातीशी धरून, रुमाल नाकाला.

म्हणजे तिथंही बघणारा मी एकटाच.

"साहेब, बघा," मी म्हटलं.

डॉक्टर वळले न्हाईत. पण पेन कागदावर टेकलं होतं. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. "सांग. लवकर सांग."

मी सांगितलं. तेवीस वर्षं सांगत आलो तसं, मोठ्यानं, पार रस्त्यापतूर ऐकू जाईल असं. "उजव्या कानामागं एक. करंगळी जाईल एवढं. कडा काळी. केस जळालेले. आत कापूस, माझ्या हातचा."

त्यांनी लिहिलं. शब्दाला शब्द. खाली सही केली, तहसीलदाराला दिली, त्यानंही न बघता केली. उगवतीकडनं श्रीमंतच्या ओरडण्याचा आवाज आला. त्यानं आत बघितलं असावं. मग तो पळाला, जीप चालू झाली, धुरळा उडाला न् गेला.

७

तो कागद टिकला. मोठ्या डॉक्टरनं कोर्टात "मी स्वतः तपासलं" म्हणून ठणकावून सांगितलं. श्रीमंतला धरलं. दिवाळीच्या आत व्यंकटी घरी आला. नागुबाई माझ्या पाया पडायला आली तर मी दार लावून घेतलं. तिला वाटलं मी स्वभावानंच तसा. का लावलं ते तुम्हाला सांगतो.

त्या दिवशी जीप गेल्यावर सगळेच निघाले. खणकरी म्हणले, दुपार कलल्यावर येतो. माती लोटायला मी राहिलो. शरणम्मा राहिल्या. त्यांना न्यायला कुणी थांबलंच नव्हतं. त्या मावळतीच्या काठावर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"किती जवळनं असंल रे?" त्यांनी विचारलं.

"हातभर, अम्मा."

"हाव. हातभरच होता."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"मी जीपमधी होते," त्या म्हणल्या. "समोरच्या काचेतनं दिसलं."

माझ्या अंगाची आग झाली. "मग चाळीस दिवस गप का बसलात? तिकडं गरिबाचा जीव चालला होता!"

"पोटचा हाय," त्या म्हणल्या. आवाज चढवला न्हाई. "तू का गप बसलास?"

पाण्यासाठी, असं म्हणायचं होतं. वस्तीसाठी म्हणायचं होतं.

मी फावडं उचललं, माती भरली, टाकायला वाकलो. हात तसाच राहिला. जीप मुरुडच्या रस्त्यानं जाऊन घटकाभर झाली होती. तोंड तिकडं वळायला पाहिजे होतं. वळलं नव्हतं. ते वर आमच्याकडं होतं, मिटलेल्या पापण्यांनी.

शरणम्मालाही दिसलं. आम्ही दोघं हातभर अंतरावर उभे होतो. कुणाकडं हाय ते कळायला मार्ग नव्हता.

शरणम्मा काठानं डावीकडं सरकल्या, एक पाऊल, दोन पावलं. मी फावडं हातात घेऊन उजवीकडं सरकलो. पार टोकापतूर गेलो. मला खाली बघायचा धीर होईना, म्हणून मी त्यांच्याकडं बघून राहिलो. त्या खाली बघत होत्या, पदर तोंडात धरून.

आत करकर झालं.

शरणम्मानं तोंडातला पदर सोडला, आणि सुटल्यागत मोठा श्वास टाकला.